मेहताजींची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वसईच्या बाजारातून एक फेरी मारायची, हा माझा दहा-अकरा वर्षांचा नेम आहे. खरेदी करायची नसते. ती घरच्या मंडळींनी वसुबारसेच्या आधीच उरकलेली असते. मी जातो तो वह्या पाहायला. हिशेब आता सगळीकडे यंत्रावर होतात, हे मला का ठाऊक नाही? पण त्या एका संध्याकाळी आमच्या वाण्याच्या गादीवर लाल कापडी पुठ्ठ्याची वही येतेच. तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, वर सुपारी आणि झेंडूचे फूल बसते, आणि वर्षभर पडद्यावरच्या आकड्यांशी झगडणारा तो गृहस्थ घटकाभर कोऱ्या कागदापुढे हात जोडून उभा राहतो. कोरी वही पाहिली की मला बरे वाटते. तिच्यात अजून कुणाचीच बाकी नसते.

वह्यांचे हे वेड मला लावले ते मेहताजींनी.

मेहताजी म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीचे भाडे गोळा करणारे गृहस्थ. काळी टोपी, हातात छत्री, काखेत लांबट अरुंद वही. दर महिन्याच्या पाच तारखेला ते जिना चढून येत. चाळीचा मालक कोण, तो राहतो कुठे, दिसतो कसा, हे आम्हां मुलांना माहीत नव्हते. आमच्या लेखी मेहताजीच मालक. ते नुसते पैसे घेऊन जात नसत. नळाला पाणी येत नाही, जिन्याची पायरी खचली, वरच्या मजल्यावरची मोरी खाली गळते, हे सगळे त्यांनाच सांगायचे. ते टिपून घेत, मालकाच्या कानावर घालत, वसुलीची रक्कम त्याच्या पेढीवर पोचती करीत आणि तिच्यातले शेकडा पाच रुपये आपल्या मेहनतीचे म्हणून ठेवून घेत. १९८३ साली चाळ विकली गेली. नवा मालक काय करतो या धास्तीने सगळी चाळ पाच तारखेची वाट पाहत बसली. पाच तारखेला जिन्यावर छत्रीचे टोक वाजले आणि वर आले ते मेहताजीच. मालक बदलला होता; मेहताजी तेच होते.

ही जुनी गोष्ट इतक्या वर्षांनी आठवायला कारण झाले ते २०२४ सालच्या पावसाळ्यात आलेले एक पत्र.

आमचे वसईचे घर २०१४ सालचे. गंमत अशी, की घर ठरवले तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते आणि राहायला आलो तेव्हा पालघर जिल्ह्यात. १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा जिल्हा झाला. त्याच्या अलीकडे आमचे करारपत्र आणि पलीकडे गृहप्रवेश. गिरणगावातल्या कितीतरी कुटुंबांची वाट अशीच विरार गाडीने उत्तरेकडे आलेली आहे. कर्ज पंधरा वर्षांचे, माझ्या आणि मुलाच्या नावे. दहा वर्षांत एक हप्ता चुकला नाही. शाळेतून निवृत्त होऊन मी जरा हुश्श करतो आहे, तोच हे पत्र: आपले कर्ज अमुक बँकेकडे हस्तांतरित करण्यात आले आहे, हप्ते मात्र पूर्वीप्रमाणेच आमच्याकडे भरावेत.

मी पत्र तीनदा वाचले. सौ.ने एकदाच वाचले आणि म्हणाली, "म्हणजे आपल्याला विकलं की काय?"

माझी भाची विरारला राहते. घरकर्जे देणाऱ्या एका कंपनीत ती हिशेबाचे काम पाहते. रविवारी तिला जेवायला बोलावले आणि केळ्याच्या शिकरणाबरोबर ते पत्रही पुढे ठेवले.

"मामा, तुमचं कर्ज विकलंय, तुम्हाला नाही विकलं," ती हसत म्हणाली. "धनी बदलला, एवढंच. वसूल करणारे तेच."

"म्हणजे मेहताजी!" मी म्हणालो.

मेहताजी कोण हे तिला आधी सांगावे लागले. मग तिने सांगितले ते असे. घरकर्ज देणाऱ्या कंपनीचा पैसा पंधरा-वीस वर्षे अडकून पडतो. म्हणून ती हजारो कर्जांची मोट बांधून ती बँकेला किंवा गुंतवणूकदारांना विकते आणि आलेल्या पैशातून नवी कर्जे देते. आपल्याकडे राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने अशा गहाणकर्जांचे रोखे पहिल्यांदा काढले ते २००० साली, एचडीएफसी आणि एलआयसी हाउसिंग फायनान्स यांनी दिलेल्या कर्जांच्या आधारावर. पुढे मे २०२५ मध्ये एलआयसी हाउसिंगच्याच कर्जांवरची एक हजार कोटी रुपयांची प्रमाणपत्रे राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदली गेली. मात्र घेणाऱ्या बँकेला वसई-नालासोपाऱ्याच्या प्रत्येक कर्जदाराशी व्यवहार ठेवायची हौस नसते. हप्ता गोळा करणे, तो मालकाकडे पोचता करणे, प्राप्तिकरासाठी व्याजाचा दाखला देणे, घराचे कागद सांभाळणे, थकला त्याच्या मागे लागणे, ही सगळी यातायात विकणारी कंपनी आपल्याकडेच ठेवते. त्याबद्दल तिला दरवर्षी शिल्लक मुद्दलावर काही मोबदला मिळतो. अमेरिकेत हा मोबदला बहुधा शेकडा पाव टक्का असतो.

"आणि गंमत पुढेच आहे," भाची म्हणाली. "वसूल करण्याचा हा हक्क हीच एक मालमत्ता असते. तिची किंमत काढून ती ताळेबंदात मांडावी लागते."

मला हे पचेना. काम अजून करायचे आहे, पैसे अजून यायचे आहेत, आणि वहीत आजच जमा? मेहताजींनी असे केले असते तर लोकांनी त्यांना वेड्यात काढले असते.

"सगळे नाही जमा करायचे," ती म्हणाली. "हेच काम बाजारात दुसऱ्या कुणी जेवढ्या पैशांत केलं असतं, तेवढा रास्त मोबदला बाजूला काढायचा. त्याच्यावर काही मिळत असेल, तर तेवढीच मालमत्ता. उलट मोबदला अपुरा असेल, तर ते देणं म्हणून दाखवायचं." भारतीय लेखा मानक १०९ असे सांगते आणि मोठ्या गृहवित्त कंपन्यांना ते २०१८ पासून लागू आहे. बँकांना ते लागू करणे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये लांबणीवर टाकले. त्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी हिशेब ठेवतात.

मग तिने त्या पत्राच्याच पाठीवर आकडे मांडले. माझे मुद्दल दहा लाखांच्या आसपास उरले होते आणि वर्षे पाच. समजा, रास्त खर्च वजा जाऊन माझ्यामागे कंपनीला पहिल्या वर्षी हजार रुपये सुटतात. मुद्दल उतरत जाते तसा मोबदलाही उतरतो. म्हणून पुढे आठशे, सहाशे, चारशे आणि शेवटी दोनशे. बेरीज तीन हजार. पण उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. मुदतीची हुंडी आज वटवायला नेली तर सराफ कसर कापून घेतोच. तशी वर्षाला शेकडा दहाची कसर कापली, की हजाराचे आज ९०९ होतात, आठशेंचे ६६१, सहाशेंचे ४५१, चारशेंचे २७३ आणि दोनशेंचे १२४. एकंदर २,४१८ रुपये.

"म्हणजे माझी किंमत दोन हजार चारशे अठरा रुपये!" मी म्हणालो.

"तुमची नाही हो मामा. तुमच्या मागे लागण्याची."

सौ.ला हे फार आवडले. ते वाक्य तिने पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवले.

"आता समजा," भाची पुढे म्हणाली, "तुम्ही दोन वर्षांनी सगळं कर्ज फेडून मोकळे झालात. मग राहिले ९०९ आणि ६६१. म्हणजे १,५७०. साडेआठशेंच्या आसपास मालमत्ता हवेत गेली! म्हणून किंमत काढणारा आधी हेच पाहतो, की लोक किती लवकर फेडतील. अमेरिकेत बहुतेकांचा व्याजदर तीस वर्षांना बांधलेला असतो. दर खाली आले, की लोक स्वस्त कर्ज काढून जुनं फेडतात आणि या हक्काची किंमत धाडकन पडते. आपल्याकडे दर बहुधा बदलता असतो, तेव्हा ते कारण तेवढं लागू नाही. इथे लोक फेडतात ते बोनस आला म्हणून, फंड मिळाला म्हणून, सुनेचा पगार सुरू झाला म्हणून, नाहीतर दुसरी बँक पाव टक्का कमी लावते म्हणून. हे सगळं अंदाजानंच धरायचं. दुसरं पाहायचं ते थकबाकी. हप्ता थकला, की फोन, फेऱ्या, नोटिसा, सगळा खर्च वाढतो आणि मोबदला मात्र तेवढाच. अशी कर्जं वाढली, की मालमत्तेचं देणं व्हायला वेळ लागत नाही."

अंदाजावर उभी राहिलेली मालमत्ता फुगवून दाखवण्याचा मोह होणारच. म्हणून त्याला लगामही आहेत. अमेरिकन बँकांनी २००६ पासून दोनांतला एक मार्ग पत्करायचा असतो: दर हिशेबाला बाजारभाव लावायचा, नाहीतर आरंभीची किंमत वर्षावर्षाला झिजवत न्यायची आणि ती जास्त तर राहिली नाही ना हे तपासायचे. आपल्या रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या निर्देशांत असे सांगितले आहे, की कर्जांचे रोखे करताना पुढे मिळेलशा वाटणाऱ्या नफ्याची नोंद केली, तरी हाती न आलेला तो नफा भांडवलात धरायचा नाही. शिवाय घरकर्जांच्या रोख्यांत निदान पाच टक्के हिस्सा विकणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायचा. बुडाले तर थोडे तुमचेही बुडू द्या, हा त्यातला अर्थ. हे ऐकून मला जरा धीर आला. आपले मेहताजी तरी हजर राहतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ल्याकडे फिरायला गेलो, तरी डोक्यात तोच विषय. ज्या गावाच्या नावाने ३१ डिसेंबर १८०२ चा तह झाला, त्या गावात राहून दुसऱ्या बाजीरावाची आठवण टाळता येत नाही. सारा वसूल करण्याचा हक्क जास्त बोली करणाऱ्याला मक्त्याने द्यायचा, ही पद्धत त्याच्या कारकिर्दीत बोकाळली. मक्तेदाराची मुदत थोडी. पुढच्या साली दुसरा कुणी चढी बोली करील ही भीती. तेव्हा हाती आहे तोवर रयतेला पिळून घ्यायचे. गावचा पाटील मात्र वतनदार. वसूल तोही करी. पण त्याला आणि त्याच्या नातवाला त्याच गावात, त्याच माणसांत राहायचे असे. यंदा पाऊस नाही, अमक्याचा बैल मेला, हे त्याला पाहावे लागे. वसुलीचा हक्क दोघांनाही होता. पण एकाला पुढचे साल दिसत होते आणि दुसऱ्याला दिसत नव्हते. भाचीच्या हिशेबात वर्षे मोजली होती ती रुपयांसाठी. ती वर्षे माणसाच्या वागणुकीतही उतरतात, हे पडक्या तटावर बसून मला कळले.

आणि मग आठवले ते १९८२ साल.

१८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत माझे वडीलही होते. ते विणकर होते. मी नुकताच शाळा सोडून कॉलेजात गेलो होतो. पहिले दोन महिने भाडे गेले; मग आईच्या पाटल्या गेल्या; मग भाडे थांबले. मेहताजींचे येणे थांबले नाही. पाच तारखेला ते येत, उंबऱ्याशी टेकत, पाणी मागत. वडील भिंतीकडे पाहत बसलेले. मेहताजी गिरणीबद्दल एक शब्द काढीत नसत. आमच्या खोलीचे पान उघडून काही लिहीत, वही मिटत आणि पुढच्या दाराशी जात. न आलेल्या भाड्यावर शेकडा पाच कुठून मिळणार? आमच्या मजल्यावर सात खोल्या थकलेल्या होत्या. त्या सात दारांसाठी ते जिना चढत होते ते पदरमोड करून. नव्या मालकाने पहिल्याच महिन्यात थकलेल्या खोल्यांची यादी मागितली, हे आम्हांला फार पुढे कळले.

वडिलांना मग एका कारखान्यात रखवालदाराची नोकरी लागली आणि त्यांनी थोडे थोडे करून सगळी बाकी फेडली. शेवटचे पैसे दिले त्या दिवशी मी घरी होतो. मेहताजींनी पान उघडून वडिलांपुढे धरले. बाकीचा आकडा त्यांच्या देखत खोडला. त्या आकड्याशेजारी, समासात, बारीक अक्षरांत पूर्वीच कधीतरी लिहिलेले होते: "संप. माणूस देईल."

वडिलांनी ते वाचले आणि ते आत निघून गेले. त्यांना रडताना मी तेव्हाच काय ते पाहिले.

आज मला वाटते, भाची ज्याला अंदाज म्हणते तो हाच. कोण किती दिवस देईल, कोण थकेल, थकलेला पुन्हा उठेल की नाही. तिचा अंदाज हजारो माणसांच्या सरासरीवर बसवलेला असतो आणि इतक्या मोठ्या व्यवहारात तो तसाच बसवावा लागतो. मेहताजींचा अंदाज एका माणसाच्या तोंडाकडे पाहून केलेला होता. नव्या मालकाला त्यांनी यादी दिली ती त्या समासासकट दिली असली पाहिजे. कारण आमची खोली आमच्याकडेच राहिली.

हे सगळे मी तटावर बसून आठवत असताना आमच्या शेजारच्या घरात एक तारीख जवळ येत होती. शेजारी वालीवच्या एका कारखान्यात कामाला होते. २०२० च्या टाळेबंदीत ती नोकरी गेली. मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली तिने त्यांना तारले, पण पुढची नोकरी कमी पगाराची मिळाली. २०२४ मध्ये बायकोचे आजारपण निघाले आणि हप्ते थकले. वसुलीचे फोन येत. दर वेळी नवा आवाज, दर वेळी तीच कथा पहिल्यापासून सांगायची. थकबाकीला नव्वद दिवस भरले, की कर्ज बुडीतकडे झुकलेले ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. त्यांना नव्वद भरायला अकरा दिवस उरले होते. हे त्यांनी मला सांगितले नाही. त्यांच्या बायकोने सौ.ला सांगितले.

आमच्याकडे तेव्हा ग्रॅच्युइटीची रक्कम आली होती. ऋणाचा शेष ठेवू नये, ही सौ.ची शिकवण माहेरची. बदलत्या व्याजाचे घरकर्ज मुदतीआधी फेडले तर बँकांना दंड घेता येत नाही, हा नियम २०१२ पासूनचा. गृहवित्त कंपन्यांनाही तशीच मनाई आहे. सगळे कर्ज एकदम फेडून टाकायचे, असे आमचे ठरत आले होते.

"त्यांचे दोन हजार चारशे अठरा बुडतील," मी म्हणालो.

"बुडू देत," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण आधी शेजारचे तीन हप्ते भरून टाकू. आपलं आठवड्यानं फेडू. आपल्याला कुणी नोटीस पाठवत नाही."

तीन हप्ते म्हणजे तेहतीस हजार रुपये. शेजारी घेईनात. शेवटी मीच म्हणालो, की हे लिहून ठेवतो. व्याज नाही, मुदत नाही. सौ.ची दुधा-भाजीच्या हिशेबाची वही काढली, तिच्या मागच्या पानावर तारीख आणि रक्कम लिहिली आणि त्यांना दाखवली. ते गेल्यावर समासात आणखी दोन शब्द लिहिले. ते मात्र त्यांना दाखवले नाहीत.

आमचे कर्ज दसऱ्याच्या आधी फिटले. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. आम्हांला कागद पंधरा दिवसांत मिळाले. त्या वर्षी लक्ष्मीपुढे ते मांडले. शेजारी ती दूधवही ठेवली.

शेजाऱ्यांचे दोन हप्ते परत आले. तिसरा यायचा आहे. परवा मी विचारले, "यंदा पूजेला एखादी लाल पुठ्ठ्याची कोरी वही आणू का?"

"कशाला?" सौ. म्हणाली. "हिच्यात अजून पानं आहेत."